सेकंदाला एक बादली हवा : संगणकाच्या पंख्यांची गोष्ट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक आवाज ऐकवतो.

[इथे सहा सेकंद पंख्याचा आवाज]

ऐकलात? सुरुवातीला घूं घूं, मग एकदम चढलेली शिट्टी, मग पुन्हा घूं घूं. हा आमच्या तलासरीतल्या घरच्या संगणकाचा आवाज. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, याच आवाजाखाली एका आजींचं पाऊण तासाचं बोलणं दबून गेलं.

आजी आमच्या ओळखीतल्या. त्यांचे वडील मे १९४५ मध्ये झरीला चालत गेले होते, किसान सभेच्या त्या परिषदेला, जिथे वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकरांची नावं पुस्तकात आहेत. आजींच्या वडिलांचं नाव कुठेच नाही. ते काय खाऊन निघाले, वाटेत कुठे थांबले, घरी आल्यावर सावकाराच्या माणसाला काय म्हणाले, हे फक्त आजींना माहीत होतं. मी त्यांना घरी बोलावलं, माईक लावला, संगणक चालू केला. वर पत्रा, बाहेर ऊन, आणि घरातला छताचा पंखा आवाज नको म्हणून मी बंद केलेला. टेबलाखालचा संगणक मात्र पूर्ण जोरात फिरत होता.

नंतर सॉफ्टवेअरने घूं घूं काढून टाकायला गेलो, तर आजींच्या शब्दांची शेपटंही निघून गेली. म्हातारं माणूस वाक्याच्या शेवटी हळू होतं. तो हळू भाग आणि पंखा, दोन्ही एकाच पातळीवर. एक काढलं की दुसरं जातं.

त्यावर मी काय केलं? जे सगळे करतात तेच. वापीला गेलो, आणखी दोन पंखे आणले आणि कॅबिनेटमध्ये जिथे जागा दिसली तिथे बसवले. आवाज वाढला. तापमान? एक अंशही कमी झालं नाही. चूक माझीच होती, आणि ती नेमकी काय होती हे शोधताना मला कळलं की मोठमोठ्या कंपन्यांनीही हीच चूक वर्षानुवर्षं केली आहे. आधी जोर वाढवायचा, आणि हवेला वाट आहे का हे मागाहून बघायचं. आजची गोष्ट त्याची आहे.

मुंबईची गरम कपाटं

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९५० च्या दशकात तरुण मंडळींनी रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा संगणक बांधायला घेतला. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चाललं, १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत लाल तंतू पेटलेल्या काचेच्या नळ्या असायच्या ना, त्याच.

आता जरा हिशेब करू. अशा साध्या छोट्या नळीचा तंतू तापवायलाच सर्वसाधारणपणे ६.३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ दोन वॅट. हे गुणिले २,७००. मोजणी सुरू व्हायच्या आधीच पाचेक किलोवॅट उष्णता! पाच इस्त्र्या एका कपाटात चालू ठेवल्यासारखं. टिफ्रॅकचं मुख्य कपाट १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि फक्त अडीच फूट खोल होतं. उष्णता इतकी, पण जागाही ऐसपैस. प्रत्येक नळीच्या भोवती हवा होती.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास ती जागा आकसत जाण्याचा आहे. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेतून सीडीसी ३६०० आला. तो ट्रान्झिस्टरचा. नळ्या गेल्या, पण मोठा संगणक म्हणजे थंड खोली हे समीकरण पक्कं झालं. ते समीकरण आपल्यापैकी अनेकांनी शाळेत अनुभवलंय. आठवतं का, संगणक कक्षाबाहेर चपलांची रांग? आत एसी, पडदे, आणि सर ओरडायचे, “पाय पुसून या रे!” आम्हाला वाटायचं देवघरासारखं काहीतरी आहे. खरं कारण धूळ. वारा आत येतो तेव्हा एकटा येत नाही, सोबत धूळ आणतो.

पंखा नसलेला संगणक

मग संगणक घरात आला, टेबलावर बसला. आणि पहिल्यांदा आवाजाचा प्रश्न आला. एसीच्या खोलीत यंत्र ओरडलं तरी कोणाला फरक पडत नव्हता.

१९७७ च्या अ‍ॅपल टू या संगणकात पंखाच नव्हता. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज आवडत नसे. रॉड होल्ट या अभियंत्याने त्याच्यासाठी वेगळ्या पद्धतीचा, कमी तापणारा वीजपुरवठा बनवला, ज्याला आज आपण दुकानात एसएमपीएस म्हणतो. उष्णताच कमी झाली, म्हणून पंख्यावाचून भागलं. पुढे १९८० मध्ये अ‍ॅपल थ्री आला, तोही बिनपंख्याचा. पण या वेळी आत भाग जास्त आणि जागा कमी. यंत्रं तापली, बिघडली, आणि १९८४ मध्ये ते मॉडेल बंद झालं. सगळा दोष काही उष्णतेचा नव्हता, पण ज्याच्या आत गर्दी आहे त्याचा पंखा नुसता काढून शांतता मिळत नाही, एवढं जगाला कळलं.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एकच पंखा होता, वीजपुरवठ्याच्या डब्यात. प्रोसेसर उघडा, त्याच्यावर काहीही नाही. तो एक पंखा मागून हवा बाहेर टाकायचा आणि त्या ओढीने समोरच्या फटींतून ताजी हवा आत यायची. एक वाट, एक पंखा. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या यंत्राची मांडणी बरोबर होती, कारण बिघडवायला दुसरं काही नव्हतंच.

हवा आत की बाहेर?

१९९३ मध्ये पेंटियम आला. साधारण १५ वॅट. आज हसू येईल, पण नखाएवढ्या चकतीतून १५ वॅट म्हणजे हात लावला तर चटका. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची पात्यांची वीट, म्हणजे हीटसिंक, आणि त्याच्यावर चिमुकला पंखा ही जोडी घरोघरी पोहोचली.

१९९५ मध्ये इंटेलने कॅबिनेट आणि मदरबोर्डसाठी एटीएक्स नावाचं मानक काढलं. तुमच्या घरातला टेबलावरचा संगणक बहुधा आजही त्याच घराण्यातला आहे. आता गंमत बघा. एटीएक्सच्या सुरुवातीच्या नियमावलीत अशी शिफारस होती की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढावी आणि थेट प्रोसेसरवर सोडावी. कागदावर छान. प्रत्यक्षात ती हवा एसएमपीएसमधून जाताना आधीच गरम व्हायची, आणि येताना खोलीतली धूळ घेऊन यायची. पुढच्या आवृत्त्यांमध्ये इंटेलने दिशा उलटी केली. एसएमपीएसने हवा बाहेरच टाकावी.

म्हणजे एवढी मोठी कंपनी, तिलासुद्धा पंखा कुठे तोंड करून बसवावा हे एकदा चुकलं आणि मग सुधारावं लागलं. मी वापीहून आणलेल्या पंख्यांचं काय घेऊन बसलात!

नरसाळं आणि भट्टी

२००० नंतर शर्यत लागली ती गिगाहर्ट्झची. वेग वाढवायचा, त्यासाठी वीज वाढवायची, मग उष्णता वाढणार, मग पंखा आणखी जोरात. त्या काळात लॅमिंग्टन रोडवरून संगणक जुळवून आणलेल्यांना आठवेल, कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून प्लास्टिकचं एक नरसाळं असायचं. बऱ्याच जणांनी ते ‘काय कामाचं’ म्हणून काढून फेकलं. ते फार कामाचं होतं. प्रोसेसरच्या पंख्याला कॅबिनेटमधली शिळी, गरम हवा मिळू नये, बाहेरची ताजी मिळावी, म्हणून इंटेलने सुचवलेली ती वाट होती. गणित असं की बाहेर खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये.

खोलीत ३५ अंश! आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी खोलीच त्याच्या पुढे गेलेली असते. पंखा कधीही खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हे विसरू नका. तो फक्त उष्णता उचलून दुसरीकडे नेतो.

फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या प्रेस्कॉट या पेंटियम ४ ने कळस गाठला. काही मॉडेल ११५ वॅटपर्यंत. त्याच सुमारास इंटेलने बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. कल्पना सरळ होती. प्रोसेसर पुढच्या तोंडापाशी आणायचा, त्याच्यासमोर एक मोठा पंखा, आणि तीच हवा सरळ रेषेत मागे जाताना बाकीच्या भागांनाही थंड करेल. एका मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यात बरंच काम. मांडणी म्हणून ती एटीएक्सपेक्षा शहाणी होती. पण सगळं नव्याने घ्यावं लागणार, म्हणून बाजाराने नाक मुरडलं. आणि २००६ मध्ये इंटेलचेच कोअर टू ड्युओ आले, ६५ वॅटमध्ये जास्त काम करणारे. भट्टीच विझली, मग धुराड्याची गरज कोणाला? बीटीएक्स बाजूला पडलं.

माझ्या मते या मांडणीचा धडा मात्र टिकला. आज चांगल्या कॅबिनेटमध्ये पुढून आत, मागून बाहेर अशी जी सरळ वाट दिसते, तो विचार तोच.

पुण्यातला ‘एक’

याच काळात पुण्यात काय चाललं होतं? पुण्याला या गोष्टीची परंपरा आहे. १९८८ मध्ये तिथे सी-डॅक स्थापन झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. एकच अतिवेगवान आणि अतितप्त प्रोसेसर घेण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या चिप्सना कामं वाटून द्यायची, असा तो संगणक होता. काम वाटलं की उष्णताही वाटली जाते. परदेशात क्रे-१ हा १९७६ चा महासंगणक थंड ठेवायला फ्रिजसारखी फ्रेऑनची यंत्रणा लागत होती, हे आठवलं की फरक कळतो.

मग २००७. टाटा सन्सच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात ‘एक’ नावाचा महासंगणक उभारला. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तो चौथा आला, आशियात पहिला. १४ हजारांवर प्रोसेसर-गाभे, १,८०० च्या आसपास सर्व्हर, आणि हे सगळं सुमारे ४,००० चौरस फुटांत. एवढ्या दाटीत हवा कशी खेळवायची?

साध्या सर्व्हरमध्ये प्रत्येकाच्या पोटात पाच-सहा चिमुकले पंखे असतात, आणि जागा अरुंद म्हणून ते जिवाच्या आकांताने फिरतात. सर्व्हर-खोलीत गेलेल्या माणसाला तो किंचाळा माहीत असतो. ‘एक’मधले सर्व्हर एचपीच्या ब्लेड जातीचे होते. ब्लेड सर्व्हरला स्वतःचा पंखाच नसतो. एका मोठ्या पेटीत १६ सर्व्हर उभे सरकवायचे आणि पेटीच्या मागे जास्तीत जास्त दहा मोठे, सामाईक पंखे. ज्या सर्व्हरवर काम जास्त, त्याच्या वाटेची हवा वाढवायची, बाकीचे पंखे निवांत. सोळा घरांनी सोळा विहिरी खणण्याऐवजी एक चांगली विहीर, तसं.

खोलीचा नियमही तोच. १९९० च्या दशकापासून जगभरच्या सर्व्हर-खोल्यांत रॅकची तोंडं समोरासमोर ठेवतात. एका गल्लीत फक्त थंड हवा, पाठीमागच्या गल्लीत फक्त गरम. दोन्ही मिसळू द्यायच्या नाहीत. एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचा श्वास झाला की कितीही एसी लावा, पैसे वाया.

आणि २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आला. तिथे प्रोसेसरची उष्णता वाहत्या द्रवाने थेट उचलून नेण्याची पद्धत आहे. हवेची मर्यादा संपली तिथे पाण्याची वाट सुरू झाली. पण वाट पाहिजे, हे कायमच.

बादलीचा हिशेब

आता परत तलासरीला, माझ्या टेबलाखाली.

समजा तुमचा संगणक भर कामात २०० वॅट उष्णता टाकतो. आत येणारी हवा बाहेर जाताना दहाच अंशांनी तापलेली असावी, असं ठरवलं. तर हवा किती लागेल? साधारण सेकंदाला १६-१७ लिटर. म्हणजे घरातली एक बादली, दर सेकंदाला. बस्स. ही काही वादळाची गरज नाही. १२० मिलिमीटरचे दोन-तीन पंखे, मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर, एवढी हवा आरामात हलवतात. अट एकच, ती बादली खरंच आत यावी आणि खरंच बाहेर जावी.

माझ्या कॅबिनेटमध्ये ती गोल गोल फिरत होती. मागचा पंखा मी उलटा बसवला होता, तोही आत फुंकत होता. वर पुढच्या बाजूला बसवलेला पंखा समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचायच्या आधीच वरून पळवत होता. पंखा कुठल्या बाजूला हवा सोडतो हे ओळखायची खूण सोपी आहे. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात, तिकडे हवा जाते. खात्री करायची तर उदबत्ती धरा, धूर सांगतो. मी उदबत्ती धरली तेव्हा धूर मागूनही आत आणि पुढूनही आत. घरातले सगळे हसले.

दुरुस्ती अशी केली. पुढे दोन मोठे पंखे, आत फुंकणारे, त्यांच्यावर जाळी. मागे एक, बाहेर टाकणारा. प्रोसेसरच्या हीटसिंकवरचा पंखा मागच्या पंख्याच्या दिशेने, म्हणजे तिघे एका ओळीत. वरचा पुढचा पंखा काढला आणि ती फट बंद केली. आत येणारी हवा बाहेर टाकण्यापेक्षा किंचित जास्त ठेवली, म्हणजे जाळी नसलेल्या फटींतून धूळ आत ओढली जात नाही. महामार्गावरच्या ट्रकांची धूळ आमच्याकडे काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. थर्मल पेस्ट नव्याने लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि संगणक टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला.

आता आवाजाचं. पंख्याचा वेग निम्मा केला की ढोबळमानाने आवाज १५ डेसिबलने उतरतो. त्याच्या जोडीला तसाच दुसरा पंखा लावला की फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणजे एक पळणारा पंखा काढून दोन चालणारे लावले, तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. पण हे गणित वाट मोकळी असेल तरच. वाटेत तारांचा गुंता असला की दोघेही धापा टाकतात.

ती शिट्टी, वर-खाली होणारी? तिचा इलाज पंख्यात नव्हता. २००४ च्या सुमारास चार तारांचे पंखे आले, ज्यांना मदरबोर्ड सेकंदाला २५,००० स्पंदांच्या इशाऱ्याने वेग सांगतो. हा इशारा आपल्या कानाच्या पलीकडचा, म्हणून त्याचा आवाज येत नाही. पण मदरबोर्ड उतावळा असेल तर तापमान दोन अंश हललं की पंख्याला पळवतो. बायोसमध्ये जाऊन वेगाची रेघ सपाट केली आणि बदलाला काही सेकंदांचा उशीर दिला. कानाला सलग, संथ आवाज खुपत नाही. चढ-उतार खुपतो.

एक सावधगिरी. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. जोराच्या हवेने तो बेफाम फिरला तर बेअरिंग जातं.

वाऱ्याची जुनी ओळख

हे सगळं झाल्यावर एक दिवस आजींच्या घरी बसलो होतो. जुनं घर, कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीचा हात दिलेला. भिंत वर छपराला पूर्ण भिडत नाही, मध्ये फट असते. चुलीचा धूर आणि गरम हवा तिथून निघून जाते, खालून दारातून नवी येते. संगणकात नुसत्या अशा नैसर्गिक ओढीवर भागत नाही, तिथे जागा फार लहान आणि उष्णता फार मोठी. पण आत यायला एक, बाहेर जायला एक, आणि मधे अडथळा नको, हे ज्याने ते घर बांधलं त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग आजींना पुन्हा बोलावलं. या वेळी संध्याकाळी. माईक त्यांच्या तोंडाजवळ, संगणक खोलीच्या दुसऱ्या टोकाला. रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. वाक्यांची शेपटं ऐकू येतात, श्वास ऐकू येतो, मधेच बाहेर कोंबडा ओरडला तोही ऐकू येतो. ते तुम्ही पुढच्या भागात ऐकाल.

फक्त एक राहिलं. पहिल्या वेळी त्यांनी वडील झरीहून परत आल्या रात्रीचं सांगितलं होतं, सावकाराच्या माणसाला ते दारात काय म्हणाले ते. या वेळी मी विचारलं तर म्हणाल्या, “तं मागं सांगलं ना तुला.” मी पुन्हा विचारलं नाही. ते वाक्य माझ्याकडे आहे, पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये, बत्तिसाव्या मिनिटाला. सुरुवातीला ऐकवलेले सहा सेकंद तिथलेच आहेत. मन लावून ऐकलं तर पंख्याच्या मागे एक बाई बोलते आहे एवढं कळतं.

घरात म्हातारं माणूस असेल आणि रेकॉर्ड करायचं मनात असेल, तर आधी संगणकाचं कॅबिनेट उघडून बघा. मग त्यांना बोलवा.

भेटू पुढच्या भागात.